जावयाची खडी, मामाचे डांबर

धारूरहून आमच्या वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर डांबर पडावे म्हणून मी नोकरीची सगळी वर्षे अर्ज केले, आणि ज्या दिवशी ते पडलेले पाहिले त्या दिवशी मी जेवलो नाही.

हे विधान विसंगत वाटेल. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे कोणतीही गोष्ट आधी नकाशा, मग हवामान आणि शेवटी लोकजीवन या क्रमाने सांगण्याची मला सवय आहे. इथेही तोच क्रम ठेवतो. (वर्गात हवामानापाशी मागच्या बाकांवरचे डोळे मिटू लागत. वाचकांनी थोडा धीर धरावा.)

धारूर बालाघाटच्या अगदी काठावर आहे. किल्ल्यापासून एक वाट डोंगराच्या कडेकडेने निघते, एक खिंड ओलांडून आमच्या वाडीत उतरते आणि पुढे माळामाळाने धर्मापुरीच्या जुन्या देवळाकडे जाते. मी नोकरीत नवा असताना या वाटेच्या खिंडीपलीकडच्या मधल्या पट्ट्यावर खडी अंथरली गेली, वर मुरूम पडला, रोलर फिरला आणि ‘डांबर मागून येतंय’ असे सांगून माणसे निघून गेली. डांबर मागेच राहिले. मुरूम उडाला, खडी वर आली आणि तिच्यावरून आमच्या दोन पिढ्या दात आवळून प्रवास करीत राहिल्या. हवामान कोरडे. तरवड, हिवर, बाभळी आणि सीताफळीची झाडे. लोकजीवन म्हणजे प्रामुख्याने माझे मेहुणे बाबुराव.

बाबुराव हे माझ्या पत्नीचे, सुमनचे, धाकटे भाऊ. वाडीचे माजी सरपंच आणि आता पंचायत समितीचे सदस्य. माणूस सढळ हाताचा आणि शब्दाचा पक्का. माझ्या मुलीच्या, अश्विनीच्या, लग्नात वऱ्हाड याच रस्त्याने वाडीला आले. जीपमधून उतरताना विहीणबाईंनी कमरेवर हात ठेवून एवढेच म्हटले, “रस्ता आहे का चाळणी?” त्या वेळी मुलीचा मामा या नात्याने बाबुराव अंतरपाटाच्या तयारीत होते. त्यांचा चेहरा काळवंडला. मांडवातच त्यांनी माझा दंड धरला.

“दाजी, एक डाव ह्या रस्त्याला डांबर घालून दावतो. जावईबापू काळ्या रस्त्यावरनं येतेल. मामा हाय मी पोरीचा.”

मांडवातली वचने अक्षतांबरोबर झाडली जातात, असा माझा समज होता. बाबुरावांच्या बाबतीत तो चुकीचा ठरला.

आता जावयांविषयी. समीर मूळचे अंबाजोगाईचे, नोकरीसाठी स्पेनमध्ये, भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगराळ मुलुखात राहतात. आठवडाभर संगणक आणि सुटीच्या दिवशी सायकल, असे त्यांचे जीवन आहे. ही सायकल आपली नव्हे. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे वाकलेले, टायर जाड आणि दातेरी, आणि तिच्यासाठी मुद्दाम वाईट रस्ता शोधावा लागतो. त्या मुलुखात ऑलिव्हच्या बागांमधून, समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगरांवरून खडीच्या जुन्या वाटा आहेत आणि देशोदेशीचे लोक खर्च करून त्यांवर सायकल चालवायला येतात. हे ऐकल्यावर सुमनने विचारले होते, “तिकडं डांबर न्हाई का?”

“आहे की आई. पण मजा खडीत असते.”

सुमनने माझ्याकडे पाहिले. जावयांच्या तब्येतीविषयीचा प्रश्न तिने डोळ्यांनीच विचारला.

गेल्याच्या मागच्या दिवाळीला समीर, अश्विनी आणि आमची नात रेवा असे तिघे धारूरला आमच्या घरी आले. रेवा तेव्हा पहिलीत होती. आजोबा म्हणजे फोनच्या पडद्यावर दिसणारे, बहुधा फक्त कपाळापासून वर दिसणारे कोणीतरी, अशी तिची कल्पना. (फोन कसा धरायचा हे मला अजून नीट साधलेले नाही.) पहिल्याच दिवशी तिने माझी हनुवटी निरखून पाहिली आणि आईला सांगितले, “आबांना खाली पण चेहरा आहे.” आम्ही सगळे हसलो. सुमन मात्र स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी समीर सोबत आणलेली ती सायकल घेऊन वाडीच्या रस्त्याने गेले. मी अस्वस्थ होतो. कमरेला हात लावलेल्या विहीणबाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. दुपारी समीर धुळीने माखून परतले आणि ओसरीवर बसून म्हणाले, “आण्णा, हा रस्ता म्हणजे सोनं आहे.”

मी त्यांना पाणी दिले. ऊन लागले असावे असे मला वाटले.

पण ते शुद्धीवर होते. त्यांचा स्पेनमधला मित्र जोर्दी परदेशी मंडळींना अशा वाटांवर नेण्याचा व्यवसाय करीत होता. हिवाळ्यात तिकडे डोंगरात पाऊस असतो, म्हणून त्याला त्या महिन्यांसाठी कोरडा, उघडा, खडीचा प्रदेश हवा होता. समीर त्याचे भागीदार होणार होते. किल्ल्यापासून देवळापर्यंतची ही वाट जोर्दीला पसंत पडली, तर दरवर्षी हिवाळ्याचे दोन महिने समीर, अश्विनी आणि रेवा धारूरला राहणार होते.

“दोन महिने?” सुमनने विचारले.

“दोन महिने, आई. दरवर्षी,” अश्विनी म्हणाली. “पण जोर्दीला मधला खडीचा पट्टा आवडला पाहिजे. तिथंच सगळं आहे. बाकीचे तुकडे म्हणजे नुसतं जाणं-येणं.”

मी त्या संध्याकाळी नकाशा काढायला घेतला. ज्या खडीची मला आजवर लाज वाटत आली, तिच्यावर माझ्या नातीचे येणे अवलंबून होते. एवढी वर्षे मी मुलांना देशोदेशीची भूरूपे शिकवली. आपल्या दारातल्या वाटेत कोणी समुद्रापलीकडून येऊन पाहावे असे काही असेल, हे मात्र मला एकदाही सुचले नव्हते.

भाऊबीजेला आम्ही सगळे वाडीला बाबुरावांकडे गेलो. ओवाळणी झाली, पाने मांडली, बाबुराव वाढू लागले आणि मी संधी साधून बाबुरावांना सारी योजना मुद्देसूद समजावली. जोर्दी पंधरा दिवसांनी येणार, दोघे सायकलीवरून वाट पाहणार, आणि त्यांना खडीचाच रस्ता हवा आहे, हे मी दोनदा सांगितले.

“खडीचाच?” बाबुरावांचा हात पुरणपोळीच्या ताटात थांबला.

“हो मामा,” समीर म्हणाले. “डांबर नकोच.”

“नको म्हणता?”

“अजिबात नको.”

एवढ्यात बाबुरावांनी समीरच्या ताटात पोळी टाकली. समीरनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. “मामा, बास. खरंच बास झालं.”

आता इथे जे घडले ते वाचकांनी लक्षात ठेवावे. बाबुराव क्षणभर थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. आणि मी, सासरा या नात्याच्या पूर्ण अधिकाराने, म्हणालो, “वाढा हो बाबुराव. जावई म्हणतातच तसे. ते ‘बास’ म्हणाले म्हणून आपण थांबायचे का?”

बाबुरावांनी समीरच्या बोटांच्या फटीतून पोळी सरकवली आणि वर तुपाची वाटी उपडी केली. मग ते माझ्याकडे पाहून हसले. फार समजूतदारपणे हसले. त्या हसण्याचा अर्थ मला पंधरा दिवसांनी कळला.

भाऊबीजेनंतर दोनच दिवसांनी त्यांचा फोन आला. “दाजी, पाहुण्यांची समदी तयारी आमच्याकडं. तुमी वाडीकडं फिरकू नका.”

“कावून?” मी कारण विचारले. मीही त्यांच्याशी बोलताना त्यांच्याच वळणावर जातो.

“जावईबापूंना बी धाडू नका. चकित करायचंय त्यास्नी.”

मी चहा, पाणी, फार तर फुलांचे हार एवढी कल्पना केली. जावयांना मीच थांबवले. किल्ला ते खिंड हा भाग त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा तपासून घेतला, नकाशावर उंचीच्या रेषा काढल्या आणि वाडीचा भाग ‘उत्कृष्ट’ असे लिहून सोडून दिला.

जोर्दी आला. उंच, उन्हाने रापलेला, फार कमी बोलणारा माणूस. ठरल्या सकाळी दोघे किल्ल्यापासून सायकलीवर निघाले. मागून जीपमध्ये मी, सुमन, अश्विनी आणि रेवा. पहिला टप्पा उत्तम झाला. एका वळणावर जोर्दी थांबला. खाली दूर माजलगावच्या धरणाचे पाणी उन्हात चमकत होते. तो समीरना काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतो?” मी विचारले.

“म्हणतो, आमच्याकडं पण डोंगरावरून असंच खाली पाणी दिसतं. ऑलिव्हच्या जागी सीताफळ, एवढाच फरक.”

मला भरून आले. भूमध्य समुद्र आणि त्या धरणातली आमची सिंदफणा नदी यांची तुलना माझ्या हयातीत कोणी केली नव्हती. सुमनने माझ्या कानाशी तोंड आणून विचारले, “झालं का मग पसंत?”

“अजून खडी यायची आहे,” मी म्हणालो. “खिंड ओलांडली की.”

खिंड ओलांडली.

आधी वास आला. मग हलगीचा आवाज आला. मग केळीच्या खुंटांची आणि उसाची कमान दिसली, आणि कमानीखालून निघून वाडीपर्यंत आणि वाडीपलीकडे नजर पोचेल तिथवर रस्ता दिसला. काळाकुळकुळीत. गुळगुळीत. इतका नवा की त्याच्यावरून अजून वाफ येत असावी असे वाटले.

रेवा म्हणाली, “आई, खडी कुठंय?”

कमानीखाली बाबुराव फेटा बांधून उभे होते. मी जीपमधून उतरून त्यांच्याकडे जवळजवळ धावलो.

“बाबुराव, हे काय केले?”

“डांबर,” बाबुराव नम्रपणे म्हणाले. “मांडवात बोललतो की दाजी. फाइल पडून होती, तिच्या मागं लागलो. ठेकेदाराला इथंच झोपवला, म्हणलं, जावई यायच्या आत रस्ता काळा पायजे.”

“पण त्यांना खडी हवी होती. मी दोनदा सांगितले. त्यांनी स्वतः सांगितले की डांबर नको.”

“जावई म्हणतेतच तसं,” बाबुराव म्हणाले. “त्ये बास म्हणलं म्हून आपण थांबायचं का? तुमीच म्हणलाव की.”

मी वळून समीरना शोधू लागलो.

इकडे सत्कार सुरू झाला होता. समीरच्या डोक्यावर शिरस्त्राण होते. ते काढायला वेळ न देता त्याच्यावरूनच फेटा बांधला गेला, त्यामुळे त्यांचे मस्तक एखाद्या मध्यम आकाराच्या हंड्याएवढे झाले. जोर्दीलाही फेटा, श्रीफळ आणि टॉवेल. मग दोघांना डांबरावरून मिरवत नेण्याचे ठरले. डांबर अजून मऊ होते. पन्नासेक पावलांत सायकलींच्या जाड टायरांना ते चिकटले, त्याला बारीक खडी चिकटली, खडीला हारातली झेंडूची फुले चिकटली, आणि चाके फिरायची थांबली. गावकऱ्यांनी दोघांना सायकलींसकट उचलले. फेट्यात, खांद्यांवर, हलगीच्या तालावर, जगातल्या खडकाळ वाटा पालथ्या घातलेला तो माणूस आमच्या वाडीत असा प्रवेशला.

जेवणात जोर्दी ‘पुरे’ या अर्थाचे जे काही बोलला, त्याला प्रत्येक वेळी एक पोळी मिळाली. शेवटी तो बोलायचाच थांबला. मी पानावर बसलो, पण घास उतरेना. हात धुताना जोर्दीने समीरना शांतपणे दोन वाक्ये सांगितली. माझ्या विचारण्याची वाट न पाहता समीर म्हणाले, “तो म्हणतो, माणसं फार प्रेमळ आहेत. आणि रस्ता चांगला आहे. असे रस्ते आमच्याकडं पुष्कळ आहेत.”

परतताना अश्विनी खिडकीबाहेर पाहत होती. ती म्हणाली, “मी रेवाला सांगून ठेवलं होतं, आण्णा. पुढच्या हिवाळ्यात तू सीताफळं स्वतः तोडशील म्हणून.”

मी बाबुरावांवर रागावू शकलो नाही. आपल्याकडे नकार हा नकार म्हणून ऐकण्याची रीतच नाही. पाहुणा ‘नको’ म्हणाला की तो भिडेने म्हणतो, आणि जावई म्हणाला तर आणखीच भिडेने. आपण वाढत राहतो. समोरच्याला खरोखर काय हवे आहे, हे त्याला विचारून त्याचे उत्तर खरे मानणे, एवढी साधी गोष्ट आपल्याला मायेत कमी पडल्यासारखी वाटते. बाबुरावांनी एका माणसाच्या ताटात पोळी वाढावी तसा आख्ख्या डोंगराच्या ताटात डांबर वाढले होते. आणि ‘वाढा’ म्हणणारा मी होतो.

सगळे गेले. घर पुन्हा फोनच्या पडद्याएवढे झाले. मी सकाळी फिरायला निघालो की पाय आपोआप वाडीच्या रस्त्याकडे वळत. आपले नुकसान किती टिकाऊ आहे हे माणूस पुन्हा पुन्हा जाऊन पाहतो, तसे.

आणि एके सकाळी मला खिंडीच्या उतारावर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटलेला डांबराचा एक तुकडा दिसला. मी तो काठीने उचलला. खाली माती होती, मातीखाली जुनी, ओळखीची खडी. ठेकेदाराने बाबुरावांच्या धाकाने रस्ता झाडायलाही न थांबता धुळीवरच डांबर ओतले होते.

पुढचे काम उसाने केले. खडी होती तोवर वाडीपलीकडच्या तळ्याकाठच्या मळ्यांतले ट्रॅक्टर हा रस्ता टाळून लांबच्या वाटेने माजलगावच्या बाजूच्या कारखान्यांकडे जात. काळा रस्ता दिसताच ते सगळे इकडून जाऊ लागले. एकेका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, तोंडापर्यंत ऊस भरलेल्या. मी रोज कडेला उभा राहून त्यांना जागा देत असे. एका चालकाने गाडी थांबवून विचारले, “सर, कावून रोज हुबारता हितं? कंप्लेन करायची हाय का?”

“नाही बाळा,” मी म्हणालो. “तू जा. सावकाश जाऊ नकोस.”

संक्रांतीपर्यंत उतार मोकळा झाला, शिवरात्रीपर्यंत वाडीपलीकडचा माळ. हंगाम संपता संपता ट्रॅक्टर पुन्हा लांबच्या वाटेला गेले, कारण या रस्त्यावर आता नुसती खडी होती. मी फोन उभा धरून किल्ल्याच्या अंगाने चालत सगळ्या वाटेचे चित्रण केले आणि समीरना पाठवले. (निम्म्या चित्रणात माझा अंगठा होता.) दोन दिवसांनी अश्विनीचा फोन आला. ती बोलायच्या आधीच मागून रेवाचा आवाज आला, “आबा, सीताफळं ठेवा.” जोर्दीचे म्हणणे असे होते की, पट्टा त्याने समीरच्या जुन्या छायाचित्रांत पाहिला होता त्याहून सरस झाला आहे.

सुमनने रेवासाठी गोधडी शिवायला घेतली. आणि त्याच आठवड्यात बाबुराव आले. फेटा नव्हता, मान खाली होती.

“दाजी, तोंड दाखवायला जागा राह्यली न्हाई. जावयासाठी केलेला रस्ता चार महिन्यांत उखडला. त्या ठेकेदाराला सोडत न्हाई मी. पुन्हा करून घेतो. ह्या वक्ताला पक्का.”

सुमनच्या हातातली सुई थांबली.

‘नको’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो परत गिळला. बाबुरावांना नको म्हणणे म्हणजे काय, हे मला आता ठाऊक होते. मी ‘नको’ म्हटले असते तर पुढच्या महिन्यात सिमेंट पडले असते.

मग आयुष्यभराच्या अर्जांच्या अनुभवाने मला वाट दाखवली.

“बाबुराव,” मी म्हणालो, “रस्ता झालाच पाहिजे. पण या खेपेला तुम्ही मध्ये पडू नका. गावाची मागणी आहे, ती रीतसर गेली पाहिजे. मी स्वतः अर्ज करतो.”

“तुमी?”

“मी.”

बाबुरावांनी डोळे पुसले. “लई मन मोठं हाय दाजी तुमचं.”

गेल्या हिवाळ्यात रेवाने सीताफळे स्वतः तोडली. सायकलवाले येतात, खडीवर पडतात, गुडघे फोडून घेतात आणि आनंदाने परत जातात. यंदाही यायचे आहेत. मी दर तीन महिन्यांनी, नकाशा जोडून, स्वच्छ अक्षरात, वाडीच्या रस्त्याला तातडीने डांबर मिळावे असा अर्ज नियमाने करतो. अर्ज माझा असल्यामुळे काळजीचे काही कारण नाही.